कोजागरीचे दुसरे दर्शन

आज कोजागरी. आटीव दुधात चंद्रबिंब न्याहाळताना आम्हांस एका निराळ्या दर्शनाचे स्मरण होते. २४ डिसेंबर १९६८ रोजी ‘अपोलो ८’ यानातून चंद्रप्रदक्षिणा करीत असता विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर वर येणाऱ्या निळ्या वसुंधरेचे छायाचित्र टिपले.

येथे पौर्णिमा असते, तेव्हा चंद्रावरून पृथ्वीची अंधारी बाजूच दिसते. आपली पौर्णिमा ती तेथील अमावास्या! उलट, बीजेच्या कोरीशेजारचा काळोखा भाग मंद उजळतो, तो पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाने. कीर्तनात आम्ही चंद्रास परप्रकाशी म्हणत आलो. आपली भूमीही तशीच, हे सांगावयाचे राहून गेले. आज चंद्रास अर्घ्य देताना पायांखालील धरित्रीसही वंदन करावे.