वळणावरची पकड : कौटुंबिक मोटारीचे सस्पेन्शन

मोटार वळणावर आली की तिचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो आणि सांगाडा त्या बाजूला झुकतो. पण गाडी ताब्यात किती राहते हे टायर रस्त्यावर किती सपाट टेकतो यावर ठरते, आणि सस्पेन्शनमधील प्रत्येक बदल याच कसोटीवर पाहावा लागतो. भारतातील बहुतेक हॅचबॅक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा मिळून झालेला एकच उभा खांब असतो, आणि त्याच्या खाली चाकाला लोअर आर्म धरून ठेवतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना 1950 साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांत आली आणि कमी भाग, कमी जागा या गुणांमुळे जगभर रुळली. मात्र सांगाडा झुकला की बाहेरचे चाकही बाहेर कलते व टायरची कडच भार सोसते, ही तिची उणीव राहिली.

गाडी खाली बसवण्याचा लोकप्रिय उपाय या उणिवेमुळेच अनेकदा फसतो. आखूड स्प्रिंगने गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे, परंतु चाकाकडे उतरता असलेला लोअर आर्म आडवा होतो आणि रोल सेंटर, म्हणजे ज्याच्याभोवती सांगाडा झुकतो तो काल्पनिक बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो; दोहोंतील अंतर वाढल्याने झुकवणाऱ्या बलाला उलट अधिक वाव मिळतो. शिवाय चाकाला वर यायला जागा उरत नाही, त्यामुळे खड्ड्यात शॉकअब्सॉर्बर थेट बंप स्टॉपच्या रबरावर आदळतो. स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली करणे तर धोक्याचेच, कारण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

म्हणून सुरुवात शॉकअब्सॉर्बरपासून करणे शहाणपणाचे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. शॉकअब्सॉर्बरमधील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलून त्या हालचालीची उष्णता करतो व चाक रस्त्यावर टेकलेले ठेवतो. शॉकअब्सॉर्बरच्या अंगावर तेलाने चिकटलेली धूळ दिसली, तर सील गेले असे समजावे. लोअर आर्मच्या सांध्यातील बुशचे रबर चिरले असेल, तर ब्रेक दाबताच चाकाची दिशा हलते आणि शॉकअब्सॉर्बरवरचा सगळा खर्च वाया जातो. कडक पॉलियुरेथेन बुश ही हालचाल रोखते, पण रस्त्याची खरखर आत आणते, हेही स्वीकारावे लागते.

यानंतरचा सर्वांत गुणकारी बदल म्हणजे अँटी-रोल बार, दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आणि सांगाडा झुकू लागताच पिळला जाणारा पोलादी दांडा. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे 20 मिलिमीटरऐवजी 22 मिलिमीटरचा दांडा सुमारे 46 टक्के अधिक ताठ असतो. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणात नाक बाहेर काढते. तिला मागे जाड दांडा दिला की मागचे बाहेरचे चाक अधिक भार उचलते आणि पुढच्या टायरांवरचा ताण हलका होतो, मात्र अति केल्यास पावसात घाटाच्या उतारावर मागची बाजूच सुटते.

काम संपताना लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट तपासावे, कारण स्ट्रटला हात लागला की चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, जागचा हललेला असतो.