बियाण्याचा बाजार (भाग ५) : बॅगेच्या भावाला लगाम घरच्या बियाण्याचा

निलंगा तालुक्यात खरीप म्हटले की आधी सोयाबीन, मग तूर, उडीद, मूग. मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलात तर सोयाबीनच्या बॅगांवर कंपन्यांची नावे ढिगाने दिसतात. इतके विक्रेते आहेत म्हणजे स्पर्धा असणारच आणि भाव वाजवी राहणारच, असे वरवर वाटते. पण पाऊस झाला की वाफसा दोन-चार दिवसांचा, हातातला पैसा बहुधा उसना, आणि हवे ते वाण एखाद्याच दुकानात. त्या घडीला घासाघीस होत नाही. मागणी असलेल्या बॅगेसोबत नको असलेले उत्पादन गळ्यात मारले जाते, त्याला आपल्याकडे सरसकट ‘लिंकिंग’ म्हणतात. अशी जोडविक्री स्पर्धेला मारक ठरत असेल तर २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार ती बेकायदा आहे. पण पेरणी सोडून तक्रारीला कोण जाणार? बॅगेचा भाव कंपन्यांच्या संख्येने आवरत नाही आणि दिल्लीतल्या निकालाने तर फारच उशिरा आवरतो. शेतकऱ्याच्या घरी पेरण्याजोगे बियाणे असेल तरच तो दुकानदाराला ‘नको’ म्हणू शकतो, आणि त्या नकारातच खरी स्पर्धा आहे.

याचा पुरावा कापसाने दिला आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण एके काळी कोरडवाहू शेतीचा भरवसा होते. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची पुढची पिढी बीजी-२ आली, आणि बीटी जनुक नसलेली सरकारी वाणे दुकानांतून हद्दपार झाली. परभणी कृषी विद्यापीठ आणि राज्याचे बियाणे महामंडळ महाबीज यांनी नांदेड-४४ चे बीटी रूप आणले तोवर बाजार हातचा गेला होता. पाकिटांवर कंपन्यांची नावे अनेक, पण आतले जनुक बहुतेकांनी एकाच ठिकाणाहून, महिको मॉन्सँटो बायोटेककडून, परवान्यावर घेतलेले. या परवान्याच्या अटींची चौकशी करण्याचा आदेश स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिला. वाद आयोगाच्या अधिकारावरच अडला. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा प्रकरणात पेटंट कायदा वरचढ ठरवला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. अटी अन्याय्य होत्या की नव्हत्या, याचा निवाडा झालाच नाही. मधल्या काळात केंद्राने डिसेंबर २०१५ च्या आदेशाने कापूस बियाण्याचे भाव स्वतः ठरवायला घेतले. बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ मध्ये ८०० रुपये होती आणि त्यात जनुकाचे शुल्क ४९ रुपये. २०२० मध्ये शुल्क शून्यावर आले, पाकीट ७३० रुपयांचे झाले. २०२५ मध्ये तेच पाकीट ९०१ रुपयांवर गेले. शुल्क गेले तरी भाव चढलाच, कारण संकरित वाणाचे बियाणे घरी धरता येत नाही आणि दर जूनला दुकान गाठावेच लागते.

सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे. ते स्वपरागसिंचित, सरळ वाणाचे पीक. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्याच्या उत्पादनातून पुढची दोन-तीन वर्षे पेरता येते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ बियाणे राखण्याची, पेरण्याची, अदलाबदलीची आणि विकण्याचीही मुभा देते, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हिशेबच करू. एकरी ३० किलो बियाणे लागते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे ३० किलो सोयाबीनची किंमत १,६०० रुपयांच्या आत. चाळणी, निवड, साठवण यांचा खर्च वर धरा आणि आपल्या पावतीवरचा आकडा शेजारी ठेवा. मधला फरक आपण सोयीसाठी मोजतो. सोय हवी असेल तर जरूर मोजावा, पण नाइलाजाने मोजावा लागू नये. एकूण खर्चात बियाण्याचा वाटा लहान असतो, असे काही जण म्हणतात. कागदावर ते खरे आहे. मात्र हा खर्च पिकाचा एक दाणाही हाती नसताना रोखीने करावा लागतो, आणि दुबार पेरणी आली की तो दुप्पट होतो.

कंपन्यांना नफा नसेल तर संशोधन कोण करील, हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. भावनियंत्रणानंतर, २०१६ मध्ये, मॉन्सँटोने तणनाशक सहनशील कापसाच्या मंजुरीचा अर्ज मागे घेतला. पुढे तसले बियाणे चोरट्या मार्गाने पसरले, बिनपावतीचे आणि बिनजबाबदारीचे. म्हणून भाव बांधून देणे हा एकमेव उपाय मी मानत नाही. पण सोयाबीनमधली आपली मुख्य वाणे पाहा: जबलपूरचे जेएस-३३५, परभणीचे एमएयूएस-७१ आणि एमएयूएस-६१२, राहुरी विद्यापीठाचे फुले संगम. ही सगळी सार्वजनिक पैशातून झाली. त्यांच्या शोधाचा खर्च पुन्हा बॅगेच्या भावातून वसूल करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप घरच्या बियाण्याच्या भरवशाचा. सोयाबीनचे टरफल नाजूक, मळणीयंत्र जोरात फिरले किंवा पोत्यांची थप्पी उंच लागली की उगवण घटते, हे खरेच. पण २०२० च्या खरिपात विकतचे बियाणेही उगवले नाही. आदल्या वर्षी काढणीच्या वेळच्या पावसाने बीजोत्पादन भिजले होते. तक्रारी हजारोंनी आल्या, महाबीजच्या बियाण्याबद्दलही, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. छापील लेबल ही उगवणीची हमी नाही, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून मे महिन्यातच चाचणी करा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, दुसरे ओले गोणपाट वर टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा आणि आठवड्याने उघडा. सत्तर सशक्त कोंब आले तर बियाणे पेरण्याजोगे आहे, कारण प्रमाणित बियाण्याची किमान अटही ७० टक्केच आहे. थोडे कमी आले तर एकरी बियाणे वाढवा, फारच कमी आले तर ते विकून टाका आणि दुकान गाठा. हीच चाचणी विकतच्या बॅगेवरही करा. त्या बॅगेची पावती, लेबल आणि मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा.