टूरच्या बसनं न सांगितलेलं विशाखापट्टणम

बेंगळुरूच्या इंदिरानगरात घर शोधणाऱ्या मराठी माणसाला पहिल्यांदा गोंधळात टाकतो तो पत्ता. ‘एचएएल सेकंड स्टेज, इंदिरानगर’. हे एचएएल म्हणजे हाकेच्या अंतरावरचा विमानांचा कारखाना. तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला हाताशी धरून २३ डिसेंबर १९४० रोजी काढला, हे बाराव्या मेनवर कॉफी पिणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे. याच गृहस्थांनी पुढच्या सहाच महिन्यांत बंगालच्या उपसागरावर आणखी एक पाया घातला, जहाजबांधणीचा. त्यामुळे बेंगळुरूहून प्रशांती एक्स्प्रेसनं विशाखापट्टणमला जाणं म्हणजे, आमच्या दृष्टीनं तरी, एकाच माणसाच्या एका कारखान्यावरून दुसऱ्यावर जाणं.

विशाखापट्टणमची शहरदर्शनाची बस मात्र असं काही सांगत नाही. तिचा क्रम बहुतेक ठरलेला: कैलासगिरी, सिंहाचलम, आणि मग रामकृष्ण बीचवर ‘कुर्सुरा’ पाणबुडी. पाणबुडी पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. १९६९ साली नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची बोट २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वाळूवर ओढून तिचं संग्रहालय झालं. आत नौदलातले निवृत्त लोक माहिती देतात. एक्क्याण्णव मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात माणसं झोपत कुठं, जेवत कुठं, हे ऐकताना पोरंटोरंही गप्प होतात. पण जहाजं बांधणाऱ्या गावात येऊन परदेशी बांधणीची बोट पाहून परतायचं, हे मला जरा विचित्रच वाटतं.

जहाजांचं गाव पाहायचं तर यारडा बीचकडे जाणारा रस्ता धरावा. वाटेत ‘सिंधिया’ नावाचा चौक लागतो. सिटी बसच्या पाट्यांवर हे नाव सर्रास दिसतं. ऐकणाऱ्याला ग्वाल्हेरचे शिंदे आठवतात, आणि तसा संबंध आहेही, पण वळसा घालून. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी एक जुनी प्रवासी बोट घेऊन तिचं ‘लॉयल्टी’ हे रुग्णालय-जहाज केलं होतं. युद्ध संपल्यावर वालचंद आणि नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांनी ते विकत घेतलं आणि कंपनीला नाव दिलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आजचा राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा.

जहाज हाकणं एक आणि बांधणं दुसरं. हाकण्यातच इंग्रज कंपन्यांनी सिंधियाला जेरीस आणलं. भाडी पाडली, आणि १९२३ च्या करारानं तिला किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं जखडलं. मग बांधण्याची गोष्ट कोण ऐकून घेणार? विमानांच्या कारखान्याला सरकार अखेर राजी झालं, कारण दुसऱ्या महायुद्धात विमानांची गरज त्यालाही होती. व्यापारी जहाजं मात्र इंग्रजांच्या स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा. माझ्या मते वालचंदांच्या दोन स्वप्नांच्या नशिबातला फरक इथंच आहे.

विशाखापट्टणमचं बंदर तेव्हा नवं होतं. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथं पहिलं जहाज शिरलं ते सिंधियाचंच, ‘जलदुर्गा’. डॉल्फिन्स नोज हा डोंगर दक्षिणेकडून समुद्रात सोंड काढून उभा असल्यानं आतल्या पाण्याला आडोसा मिळतो. या डोंगराच्या आतल्या बाजूला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. परक्या सरकारच्या राज्यात काँग्रेसच्या पुढाऱ्याला बोलावणं, हा वालचंदांचा हिशेबी हट्ट असावा. वर्षही झालं नव्हतं तोच, ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले आणि कारखान्याची घडी विस्कटली. तिकडे बेंगळुरूचा कारखानाही त्याच महिन्यात सरकारनं ताब्यात घेतला.

पहिलं मोठं जहाज पाण्यात उतरायला १४ मार्च १९४८ उजाडला. आठ हजार टनी ‘जलउषा’. उतरवायला पंतप्रधान नेहरू आले होते. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघात झाला. १९५२ मध्ये सरकारनं दोन तृतीयांश हिस्सा घेऊन हिंदुस्थान शिपयार्ड केलं, १९५३ मध्ये वालचंद गेले, १९६१ पर्यंत उरलासुरला हिस्साही सरकारचा झाला. सिंधिया उरली ती चौकाच्या पाटीवर.

यार्ड संरक्षण खात्याकडे २०१० पासून आहे, त्यामुळे पर्यटकाला फाटकाच्या आत प्रवेश नाही, आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी दहादा विचार करावा. नौदलाची ‘निस्तार’ ही पाणबुड्यांच्या मदतीला धावणारी नौका इथंच बांधून २०२५ मध्ये ताफ्यात आली. आत जाता येत नसेल तर रॉस हिलवर चढावं. या चर्चच्या टेकडीशेजारीच दर्ग्याची आणि व्यंकटेश्वराची अशा दोन टेकड्या आहेत. गाईड या तीन टेकड्यांचं सर्वधर्मसमभावाचं भाषण लांबवतो. ते चालू असतानाच पाठ फिरवून खाली पाहावं. बंदराच्या चिंचोळ्या तोंडातून एखादं मालवाहू जहाज टगच्या मागं इंच इंच आत सरकत असतं, आणि पलीकडे डोंगराचा तोच आडोसा, ज्याच्या भरवशावर सोलापूरच्या माणसानं पैसा ओतला.

टूरवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो यारडाला जाताना सिंधिया चौकात पाच मिनिटं थांबतो. कोपऱ्यावर चहा बरा मिळतो.