दिनचर्येतून मनःस्वास्थ्याकडे

बंगळूरु येथील ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या वेळी १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही तफावत केवळ रुग्णालये उभारून भरून निघणारी नाही. त्यामुळे दैनंदिन जीवनक्रमात व्यक्ती स्वतः कोणते बदल करू शकते आणि त्यासाठी तिला कोणाचे साहाय्य मिळू शकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आधी कृती, मग उत्साह

नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती हळूहळू कामे, भेटीगाठी आणि छंद सोडून देते. समाधानाचे प्रसंग त्यामुळे कमी होतात व नैराश्य अधिक वाढते. ‘बरे वाटले की कामाला लागू’ असे ती म्हणते. परंतु बरे वाटण्याची वेळ लांबतच जाते. हे दुष्टचक्र कृतीच्या बाजूने तोडता येते. मनाची तयारी होण्याची वाट न पाहता एखादे छोटे, ठरवलेले काम ठरलेल्या वेळी करावयाचे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

या सूत्राची कसोटी गोव्यात लागली. तेथील ‘संगात’ या स्वयंसेवी संस्थेच्या सहभागाने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये छापले. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, परंतु या कामासाठी प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांच्या सहा ते आठ बैठका घेतल्या. रुग्णाने कोणती कामे सोडली आहेत हे पाहणे, त्यांपैकी काही पुन्हा वेळापत्रकात आणणे, नातेवाईक व मित्रांशी तुटलेला संपर्क जोडणे आणि अडचणींतून वाट शोधणे, असे या बैठकांचे स्वरूप होते. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे बऱ्याच अंशी ओसरली होती; नेहमीच्या सेवेत थोडी सुधारणा करून दिलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

दिनचर्येतील बदल

बदलांचा प्रारंभ झोपेपासून करणे सोयीचे असते. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात जावे. शरीराचे घड्याळ त्यामुळे स्थिरावते. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस केली. झपाझप चालणे किंवा सायकल चालवणे यांतूनही ती पूर्ण होते. ज्याला एवढे शक्य नाही त्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. थोडी हालचालही लाभदायक असते. मद्याने चिंता तात्पुरती शमल्यासारखी वाटते, मात्र झोप बिघडते व नैराश्य वाढते.

घर, शेत आणि रोजगार अशी तिहेरी जबाबदारी पेलणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी वेळ काढण्याचा नुसता उपदेश पुरेसा नाही. तिच्या कामांतील काही वाटा कुटुंबाने उचलला, तरच हा बदल टिकतो.

मर्यादा आणि सेवा

दिनचर्या सुधारणे हा प्रत्येक विकारावरील उपचार नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासीनता, भास-भ्रम किंवा जीव देण्याचे विचार असल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे; चालू औषधे त्यांच्या सल्ल्याविना थांबवू नयेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे जिल्हा पातळीवर उपचार उपलब्ध करून दिले जातात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने शासकीय निधीतून चालणाऱ्या सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क सल्ला मिळतो. घरातील एखादी व्यक्ती अबोल झाली असेल, तर तिला धीर धरण्यास सांगून न थांबता कुटुंबीयांनी तिच्यासोबत फिरावयास जावे आणि गरज भासल्यास हा क्रमांक तिच्यासाठी स्वतः फिरवावा.