दिमिष्काची वाट आणि गोंदियाची गाडी

नागपूरहून निघालेली आगगाडी तुमसर सोडून वैनगंगा ओलांडते, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकते आणि दरेकशाच्या जंगलातून राजनांदगावकडे वळते. 1893च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या ओढीने याच मार्गाने निघाले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलता बोलता विषय धर्मावर आला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच खिळले.

ही हकीकत वाचताना प्रेषित पौल आठवतोच. तो मूळचा तार्सस गावचा शौल, यहूदी गुरू गमलीएलाचा शिष्य, हाताने तंबू करणारा. ख्रिस्तानुयायी स्तेफनाला दगडमार झाला, तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायाशी ठेवलेली होती. ख्रिस्तानुयायांना पकडायला तो दिमिष्काला (दमास्कसला) निघाला. वाटेत प्रकाशाने दिपून पडला आणि तीन दिवस आंधळा राहिला. पुढे तोच ख्रिस्ताचा प्रेषित झाला.

पण एका क्षणात सारे पालटले, ही समजूत दोघांवरही अन्याय करते. पौल स्वतः गलतीकरांना लिहितो की तो आधी अरबस्तानात गेला आणि यरुशलेमेत ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याला भेटायला तीन वर्षांनी. टिळकांचा बाप्तिस्माही मुंबईत झाला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी. त्यापायी घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती होरपळ त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता मांडली आहे.

पौलाचे खरे मोठेपण मला पुढच्या झगड्यात दिसते. ख्रिस्ताकडे येणाऱ्या परराष्ट्रीयाने आधी सुंता करून यहूदी व्हावे का? पौलाने ठामपणे नाही म्हटले, त्यासाठी अंत्युखियात पेत्रालाही तोंडावर खडसावले. फटके, तुरुंग, तीन वेळा जहाज फुटणे, हे सारे त्याने सोसले. पण ही अट मानली नाही.

तोच प्रश्न टिळकांपुढे मराठीत आला. ख्रिस्ती होण्यासाठी साहेबी वळण घ्यावे लागते का? टिळकांनी उत्तर दिले अभंगातून, कीर्तनातून. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानत. 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पौलाने सुंतेची अट काढली. टिळक बाप्तिस्म्याच्या उंबरठ्याबाहेरच्यांनाही भाऊ म्हणाले. 1919मध्ये त्यांचे निधन झाले, पण ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात.

श्रद्धा बदलली म्हणून माणसाने आपली भाषा, आपले संत, आपली माती टाकून द्यावी, असे पौलाच्या शिकवणीत कुठेच नाही. मराठी मुलखात हे जगून दाखवणारा माणूस गोंदियावरूनच पुढे गेला, याचा अभिमान या जिल्ह्याने जरूर बाळगावा.