उंचीपलीकडचे मोजमाप

काही दिवसांपूर्वी सांबऱ्यातील एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन माझ्याकडे आले. तिचे लसीकरण माझ्याच हातून झालेले. आज ती महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात गार्ड आहे. म्हणजे चेंडू पुढे नेऊन चढाईची आखणी करणारी खेळाडू. "डॉक्टर, हिची उंची १६५ सेंटीमीटर. व्यावसायिक खेळात हिचे काही होईल का? उंचीसाठी एखादे औषध?"

औषधाचे उत्तर सोपे होते. पहिल्या पाळीनंतर मुलीची उंची साधारणतः पाच ते सात सेंटीमीटर वाढते. महाविद्यालयीन वयात हाडांच्या वाढीच्या पट्ट्या मिटलेल्या असतात. तेथे टॉनिकचा उपयोग नाही.

भवितव्याचा प्रश्न मात्र अवघड. त्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण डब्ल्यूएनबीए ही महिलांची प्रतिष्ठित व्यावसायिक लीग १९९७ पासून तेथे सुरू आहे. क्रिस्टल डेंजरफील्ड ही गार्ड जेमतेम १६५ सेंटीमीटरचीच. २०२० च्या निवडीत ती सोळावी आली आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरली. म्हणजे गार्डच्या बाबतीत केवळ उंची निर्णायक नव्हे.

मग काय पाहावे? पहिली गोष्ट, दबावाखालील निर्णय. तेथील महाविद्यालयीन महिला सामन्यात चढाईस ३० सेकंद मिळतात, व्यावसायिक सामन्यात २४. केटलिन क्लार्कने महाविद्यालयाच्या अखेरच्या हंगामात सामन्यागणिक ३१.६ गुण मिळवले. २०२४ मध्ये व्यावसायिक पदार्पणात ही सरासरी १९.२ झाली. त्या हंगामात तिने ३३७ गुणदायी पासेसचा विक्रम केला, आणि चेंडू गमावण्याचाही! म्हणून केवळ गुण न मोजता, अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर मुलगी काय करते ते पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या क्षेत्रातली. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का? गुडघ्यातील पुढचा स्नायुबंध तुटण्याचा धोका या खेळात मुलींना मुलांहून अधिक असतो. उतरण्याच्या योग्य सरावाने तो कमी होतो. पेज ब्यूकर्सचा हा बंध २०२२ मध्ये तुटला व पूर्ण हंगाम गेला. तरीही २०२५ च्या निवडीत ती पहिली आली. आणि पाळी तीन महिने थांबली असेल तर "खेळाचा ताण" म्हणून सोडून देऊ नये. आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते. पुढे हाडांना सूक्ष्म भेगा पडतात.

तिसरी गोष्ट जागांची. २०२४ मध्ये त्या लीगमध्ये १२ संघ होते, प्रत्येकी फार तर १२ खेळाडू. म्हणजे साऱ्या जगासाठी १४४ जागा. डेंजरफील्डलाही तिच्या पहिल्या संघाने २०२२ मध्ये मुक्त केले. आपल्या गीतू अॅना जोस हिने २०११ मध्ये तेथील संघांकडे चाचण्या दिल्या, पण करार झाला नाही. भारतात महिलांची अशी दीर्घकाळ टिकलेली लीग नाही; रेल्वेसारख्या नोकऱ्यांनीच अनेक खेळाडूंना आधार दिला आहे. तरीही पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

मी त्या गृहस्थांना सांगितले, "पदवी सुटू देऊ नका, गुडघ्यांचा व्यायाम चुकवू देऊ नका." मग मुलीकडे वळून विचारले, "लीग मिळाली नाही तरी खेळशील?"

"हो," ती म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले. तपासणीत हे उत्तर मिळवण्याची सोय नव्हती. ते विचारावेच लागले.