जुना ट्रॅक्टर घेताना कोणता एचपी पाहावा?

जबलपूरच्या काळ्या, चिकट जमिनीसाठी जुना ट्रॅक्टर घेणारे आधी विचारतात, "किती एचपीचा?" प्रश्न रास्त आहे, उत्तरात मात्र इंजिनाची अश्वशक्ती सांगितली जाते. रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालतो तो पीटीओवर (अवजाराला शक्ती पुरवणारा, ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा).

पगारपत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत असतो तसाच हा फरक. काही शक्ती गिअरमध्येच खर्ची पडते. ४५ एचपीच्या नव्या इंजिनातूनही पीटीओवर साधारण ३८ ते ४० मिळतात. झिजलेल्या इंजिनातून आणखी कमी.

क्लच तर हटकून तपासावा. सिंगल क्लच पूर्ण दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो, आणि ढेकळांत रोटाव्हेटर अडला की ही अडचण कळते. दुहेरी क्लचमध्ये चाके थांबवूनही दांडा फिरता ठेवता येतो. नव्या रंगापेक्षा याचे मोल अधिक.

मध्य प्रदेशातच, बुधनी येथे ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्रीय संस्था आहे. तिच्या अहवालांत पीटीओची शक्ती वेगळी नोंदलेली असते. विसार देण्याआधी त्या मॉडेलचा अहवाल पाहावा आणि रोटाव्हेटर जोडून ट्रॅक्टर शेतात चालवून घ्यावा.